खालचं वाचता आलं पाहिजे

बाईंना वेळ विचारायची सोय नव्हती. कुरकुंभच्या आमच्या कंपनीत लॅबच्या भिंतीवरचं घड्याळ वर्षातून दोनदा तरी बंद पडायचं आणि एखादा नवखा हटकून बाईंनाच विचारायचा, "मॅडम, किती वाजले?" बाई हातातलं काम खाली ठेवायच्या, मनगट डोळ्यांजवळ न्यायच्या आणि सांगायच्या, "दहा वाजून सतरा मिनिटं." तो बिचारा "म्हणजे साधारण सव्वादहा" असं पुटपुटला की त्याची शंभरी भरलीच.

"साधारण हे माप कुठल्या पुस्तकात हाय? आण बरं ते पुस्तक. मी बी शिकते."

हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. कॅन्टीनवाल्यानं "साधारण पंधरा मिनिटांत जेवण होईल" असं सांगितलं, तर सोळाव्या मिनिटाला बाई ताट घेऊन काउंटरसमोर उभ्या. तो पुढे पुढे बाई दिसल्या की नुसता "होतंय" एवढंच म्हणायचा.

बाई आमच्या लॅबच्या इनचार्ज होत्या. कंपनीत औषधांना लागणारी एक पावडर तयार व्हायची. तिचा प्रत्येक घाणा तपासून पास किंवा नापास करायचं काम लॅबचं, म्हणजे शेवटी बाईंचं. उंची चार फूट अकरा इंच. मी पाच फूट लिहून मोकळा झालो असतो, पण हे त्यांच्या वाचनात आलं तर माझी धडगत नाही. सुती साडी, वर पांढरा एप्रन, खिशात एकाच काळ्या शाईची तीन पेनं. कंपनीचे बूट त्यांच्या मापाचे कधी आलेच नाहीत, म्हणून पुढे कापूस कोंबून त्या ते घालायच्या आणि चालताना टपटप वाजायचे. त्या आवाजानं आम्ही सगळे ताठ बसायचो.

मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा नुकताच बी.एस्सी. झालो होतो. आमचं गाव पाटसजवळ, कालव्याच्या कडेला. घरचा ऊस, दारात ट्रॅक्टर आणि आबा दोन वेळा सोसायटीचे चेअरमन. आमच्या घराण्यात चूक नावाची गोष्ट असते, पण ती कायम दुसऱ्याची असते. ऊस वाळला तर पाटकऱ्याची, निवडणूक हरली तर भावकीची, मी बारावीला गणितात गचकलो ती पेपर तपासणाऱ्याची. असा मी, छाती काढून लॅबमध्ये शिरलो आणि पहिल्याच दिवशी साताचा नऊ केला.

म्हणजे झालं असं, की काट्यावरचं वजन कागदावर लिहिताना सात लिहिला, हवा होता नऊ. मी त्याच सातावर पेन फिरवून त्याचा सुबक नऊ केला. बाईंनी कागद उजेडाकडे धरला.

"हे काय हाय, बागाईतदार?"

"नऊ, मॅडम."

"आन् त्याच्या पोटात?"

बाईंनी खुर्ची ओढली, मला शेजारी बसवलं आणि पहिलीच्या मुलाला शिकवावं तसं शिकवलं. आकडा चुकला की त्याच्यावरून एकच आडवी रेघ मारायची. खोडायचं नाही, गिरवायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख आणि चुकण्याचं कारण. "रेघ अशी मारायची की खालचं वाचता आलं पाहिजे. काय चुकलं व्हतं ते उद्या येणाऱ्याला कळाया नको का?" आणि पानावर खाली जागा उरली, तर तिच्यावर तिरकी रेघ ओढून ती बंद करायची, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसडता येत नाही. जोवर काम चालू आहे तोवर जागा उघडी. काम संपलं की रेघ.

औषधांच्या कंपन्यांत सगळीकडे हाच नियम असतो हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला वाटलं, बाईंच्या डोक्यातलं खूळ आहे. बागाईतदार हे नाव मात्र तेव्हापासून मला चिकटलं ते आजतागायत.

ते खूळ किती खोलवर गेलेलं आहे हे मी शिरूरला गेलो तेव्हा पाहिलं. बाई आठवडाभर दौंडला भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी एसटीनं शिरूरला घरी जायच्या, कारण रविवारची उपासना त्यांनी कधी चुकवली नाही. एका नाताळाला त्यांनी लॅबमधल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. जुन्या मिशन कंपाउंडच्या मागच्या आळीत त्यांच्या सासऱ्यांचं घर. दारावर पत्र्याची रंगवलेली पाटी. पाटीवर बाईंचं नाव, नावाखाली "बी.एस्सी." आणि त्यावर एक आडवी रेघ. रेघेशेजारी बारीक अक्षरात सही आणि तारीख. त्याच्याखाली पुन्हा "बी.एस्सी.", पुन्हा सही, तारीख. आणि त्याखाली "लॅब इनचार्ज".

आम्ही सगळे दारातच थबकलो. आमच्यातला एक जण कुजबुजला, "डिग्री काढून घेतली होती का काय?"

घरात शिरलो तर आणखी गंमत. कोपऱ्यात पेटी, म्हणजे हार्मोनियम. तिच्या एका पट्टीवर कागद चिकटवलेला: "बंद. दुरुस्तीस पाठवणे." खाली तारीख, चार वर्षांपूर्वीची. बाई त्याच पेटीवर आम्हाला गीत म्हणून दाखवत होत्या आणि त्या पट्टीच्या जागी सूर तोंडानं भरत होत्या. फार गोड आवाज होता. लॅबमध्ये आमच्यावर खेकसणारा तो हाच गळा, यावर विश्वास बसेना.

पाटीची हकिकत त्यांनी जेवणानंतर सांगितली, करंज्यांचं ताट फिरवता फिरवता. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा शेवटच्या वर्षाचा निकाल लागायचा होता. सासरे हौशी. आळीत पहिली बी.एस्सी. सून येणार म्हणून त्यांनी आधीच पाटी रंगवून ठोकली. निकाल लागला आणि एक विषय राहिला.

"मामंजी म्हणाले, पाटी काढून ठिवू, पास झालीस की लावू. मी म्हणलं, काढली तर आळी इचारंल का काढली. मग मीच कुंचला घेतला आन् रेघ मारली. मामंजी दोन दिवस जेवले न्हाईत."

"तुम्हाला लाज नाही वाटली?" मी विचारलं. मला तरी वाटली असती.

"वाटली की! तोंड लपवून नळावर जायची. पर रेघ मारल्यावर एक बरं झालं. जे व्हतं ते सगळ्यांना दिसत व्हतं, मला कुणाला सांगत बसावं लागलं न्हाई."

तो राहिलेला विषय सुटायला अकरा वर्षं लागली. मधे दोन मुली झाल्या आणि रेल्वेत असलेला नवरा आजारपणात गेला. हे बाईंनी एका वाक्यात सांगितलं आणि करंज्या पुढे केल्या. बाकीचं मला आमच्या मामांकडून कळलं. मामा म्हणजे लॅबमध्ये काचसामान धुणारे. ते सांगायचे, की बाई या कंपनीत पहिल्यांदा आल्या त्या त्यांच्याच शेजारी, त्याच बेसिनवर, बाटल्या धुवायला. बेसिनच्या वर पुस्तक उघडं ठेवायच्या आणि ओल्या कोपरानं पान उलटायच्या. पास झाल्याचा कागद आला त्या दिवशी त्यांनी मामांना पेढा दिला आणि उरलेल्या बाटल्या धुऊन मगच घरी गेल्या. इनचार्ज झाल्यावरही स्वतःची काच त्या स्वतःच धुवायच्या. धुतलेली नळी उजेडाकडे धरून त्यातून एका डोळ्यानं बघायच्या. कुणी मध्ये बोललं तर हात वर करून थांबवायच्या.

बाईंची एकच इच्छा होती आणि ती लॅबमधल्या सगळ्यांना ठाऊक होती. परदेशी तपासनीस येऊन आमच्या लॅबला मान्यता देऊन जावेत. ती मिळाली असती तर कंपनीचा माल बाहेरच्या देशांत गेला असता, हे कंपनीच्या साहेबांचं गणित. बाईंचं वेगळं होतं. ज्या बेसिनवर बाटल्या धुतल्या त्या लॅबला जगातल्या कुणीतरी येऊन "बरोबर आहे" म्हणावं, आणि ते आपण निवृत्त व्हायच्या आत म्हणावं. बारा वर्षं इनचार्ज म्हणून त्यांनी एकेक कागद त्यासाठी लावला होता. निवृत्ती मेमध्ये होती. तपासणी फेब्रुवारीत ठरली.

आणि जानेवारीत बाई चुकल्या.

सकाळची वेळ. बाई स्वतः एका घाण्याची तपासणी करत होत्या. ब्युरेट नावाची एक लांब काचेची नळी असते, तिच्यावर आकडे कोरलेले असतात. तिच्यातून रसायन थेंब थेंब सोडायचं, खालच्या भांड्यात गुलाबी रंग आला की थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. वाचणारा एक आणि तो बरोबर वाचला का ते पाहणारा दुसरा. पाहणारा मी होतो. बाईंनी डोळे बारीक केले, नळीशी नाक नेलं आणि तपासणीच्या छापील तक्त्यात लिहिलं, सतरा पॉइंट चार. मी पाहिलं. नळीवर अठरा पॉइंट चार होतं. लख्ख.

मी काहीच बोललो नाही. का बोललो नाही हे मी नंतर पुष्कळ घोळवलं. बाईंना डोळ्यांचा त्रास होतोय हे आम्हाला दोन महिने दिसत होतं. पेपर लांब धरायच्या, मग जवळ, मग वैतागून टेबलावर आपटायच्या. पण बाईंना "तुमचं चुकलं" म्हणायचं? ते वाक्य त्या लॅबमध्ये कुणी कधी उच्चारलेलंच नव्हतं. मी मुकाट्यानं सही केली. पुढचा हिशोब करायचं काम माझं होतं, आणि त्या आकड्यानं चांगला घाणा नापास होत होता. नापास म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे बाईंचे डोळे सगळ्या कंपनीला कळणार, आणि तपासणीला उरले होते वीस दिवस.

दुपारी बाई मीटिंगला गेल्या तेव्हा मी त्याच नमुन्याची तपासणी पुन्हा केली. अठरा पॉइंट चार. घाणा उत्तम. मी कोरा तक्ता काढला, माझ्या नावानं भरला आणि संध्याकाळी बाईंच्या सहीच्या गठ्ठ्यात मधेच सरकवला. त्यांनी भराभर सह्या केल्या, त्यात तीही केली. जुना तक्ता मी घडी घालून खिशात टाकला. मला अपराधी वगैरे मुळीच वाटलं नाही. उलट मोटारसायकलवरून घरी जाताना मी शीळ घालत होतो. माल खरा होता, आकडा खरा होता, कुणाचं नुकसान नव्हतं आणि बाई वाचल्या होत्या. आबांचा मुलगा शोभलो असंच वाटलं.

तपासणीला दोन दिवस उरले असताना बाईंनी मला कॅन्टीनला बोलावलं. चहा मागवला. दोघांचा चहा समोर आला तरी त्या कपाला हात लावीनात.

"तक्त्याला नंबर असतो, बागाईतदार. चाळीस हाय, बेचाळीस हाय. एक्केचाळीस कुठं हाय?"

नंबर! सगळं केलं आणि नंबर विसरलो. मी सांगून टाकलं. नळी, आकडा, पुन्हा केलेली तपासणी, सगळं. माझं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"तवाच का बोलला न्हाईस? मी तिथंच हुबी व्हते की."

"तुमच्यासमोर? बाई, कोण बोललं असतं?"

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण बाई खिडकीकडे वळल्या. चहावर साय धरली. खिडकीतून बाहेर टँकर उभे होते त्यांच्याकडे त्या पाहत होत्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा इतका वेळ नीट पाहिला. थकलेला, म्हातारा होत चाललेला चेहरा. मला रडू यायला लागलं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, आणि त्या दिवशी त्यांनीही घड्याळ पाहिलं नाही.

"कागद हाय का जाळलास?"

"घरी आहे."

"चल."

गेटवर बाहेर जायची चिठ्ठी भरावी लागते. त्यात कारण या रकान्यात सगळे "खाजगी काम" लिहितात. बाईंनी लिहिलं, "तक्ता क्रमांक एक्केचाळीस आणण्यासाठी." वॉचमननं दोनदा वाचलं आणि काही न समजून फाटक उघडलं.

बाई माझ्या मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसल्या. हायवेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली होती, प्रत्येक ट्रॉली ओलांडताना त्या माझ्या खांद्याला घट्ट धरायच्या. मला वाटत होतं, हा रस्ता पाटसला संपूच नये. घरी आबा ओट्यावर बसलेले. इनचार्ज बाई स्वतः आल्या म्हटल्यावर आबांनी टोपी सारखी केली आणि आईनं चहा टाकला. मी कपाटावरची माझी जुनी वही काढली. तिच्यात कागद नव्हता.

"आई, यातला एक छापील कागद?"

"त्यो व्हय? चांगला जाड व्हता. चटणीच्या डब्यात घातलाय तळाला."

आईनं डबा आणला. शेंगदाण्याची चटणी परातीत उपसली आणि तळातून एक्केचाळीस नंबर निघाला. अर्धा तेलानं पारदर्शक झालेला, पण अक्षरं शाबूत. सतरा पॉइंट चार, बाईंची सही, माझी सही. बाईंनी तो दोन्ही हातांत धरला आणि उजेडाकडे केला.

मग आबांना सांगावं लागलं. मीच सांगितलं, बाईंनी मला सांगायला लावलं. आबांचं तोंड लाल झालं.

"म्हंजी बाई, एवढ्या कागदापायी पोराची नोकरी घालवता का? माल तर चांगला व्हता म्हणतोय. तुमच्या साहेबाला मी ओळखतो. एक फोन लावतो आन् मिटवतो."

बाई चटणीची चव बघत होत्या. त्यांनी बोटं पुसली.

"आबा, काट्यावर तुमचा ऊस टनभर कमी भरला तर काय करता?"

"काटा बंद पाडीन! सोडतो का काय?"

"आन् टनभर जास्ती भरला तर?"

आबांनी टोपी काढून ओट्यावर ठेवली. आई पदराआड हसली. आबा म्हणाले, "बाईंना चटणी बांधून द्या." आबांनी कुणापुढे हार मानलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

त्या संध्याकाळी साहेबांनी बाईंना अर्धा तास समजावलं. आठवडाभर थांबा, तपासणी होऊ द्या, मग हवं ते लिहा. नाहीतर मान्यता जाईल, तुमची बारा वर्षं जातील आणि हा पोरगाही जाईल. हे सगळं खरं होतं आणि बाईंना ते साहेबांपेक्षा जास्त कळत होतं. दाराबाहेर मी उभा होतो, मला एकच उत्तर ऐकू आलं. "साहेब, एक्केचाळीस नंबर न्हाई असं मी कसं दाखवू? तो हाय."

तपासनीस आले. उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. बाईंनी त्यांच्यापुढे पहिला ठेवला तो एक्केचाळीस नंबर. सतरावरून एक रेघ, शेजारी अठरा, सही, तारीख. तेलाच्या डागाभोवती गोल काढून बाण, आणि बाणाशी लिहिलेलं, "शेंगदाण्याची चटणी, घरगुती." त्या गृहस्थांनी कागद नाकाशी नेला आणि खरोखर वास घेतला. मग ते कारणाचा रकाना वाचायला लागले आणि वाचतच राहिले.

त्यात बाईंनी काय लिहिलंय हे मलाही माहीत नव्हतं. लहानपणी चर्चच्या पाळकसाहेबांकडून शिकलेलं त्यांचं इंग्रजी साधं होतं. त्याचा अर्थ असा: "मी आकडा चुकीचा वाचला, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शेजारच्या माणसाला चूक दिसली, पण मला सांगायची त्याला भीती वाटली, म्हणून त्यानं कागद लपवला. त्याला भीती वाटावी असं मी बारा वर्षं वागले. कागदाचा दोष त्याचा, भीतीचा दोष माझा."

तपासनिसांनी मला विचारलं, कागद तू काढलास का? मी हो म्हणालो. माझ्या घराण्यातला हा पहिला हो असावा.

मान्यता नाकारली गेली. लॅब सुधारा, वर्षानं पुन्हा येऊ, असं लिहून ते गेले. माझी नोकरी राहिली ती त्या रकान्यामुळे. पंधरा दिवस घरी बसवलं आणि वर्षभर सही करायचा अधिकार काढून घेतला. मेमध्ये बाई निवृत्त झाल्या. शाल, नारळ आणि भिंतीवर लावायचं नवं घड्याळ दिलं. साहेब भाषणात तपासणीबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. बाईंनी ते मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन मिनिटं मागं हाय," आणि सगळ्यांत मोठ्यानं मामा हसले. जाताना त्यांनी आपली ब्युरेट धुतली, उजेडाकडे धरली आणि रॅकला लावली. मी बेसिनपाशी तोंड फिरवून उभा राहिलो.

पुढच्या वर्षी मान्यता मिळाली. गेल्या वर्षापासून मी इनचार्ज आहे. मान्यतेच्या कागदाची प्रत चौकटीत घालून मी बाईंकडे निघालो तो इनचार्ज झाल्यावरच. तोवर धाडस होत नव्हतं. चौफुला, न्हावरा करत शिरूरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, चष्मा नाही. "आता स्टँडवरून एसटीची पाटी वाचते," म्हणाल्या. प्रत त्यांनी नीट वाचली, शेवटची तारीखसुद्धा, आणि "बरं झालं" म्हणून शेंगांच्या सुपाशेजारी ठेवली. मला वाटलं होतं, डोळे भरून येतील. माझेच आले.

मी पाटीकडे पाहिलं. "लॅब इनचार्ज"वर आता रेघ होती, निवृत्तीची तारीख होती. त्याच्याखाली चार बोटं जागा मोकळी.

"बाई, रिकामी जागा उघडीच ठेवलीत?"

"दिसली व्हय तुला? काम बाकी व्हतं." त्यांनी एक शेंग फोडली. "मला सांग, लॅबमदी तुझी चूक तुला कोण सांगतं?"

"सांगतात."

"कोण? नाव सांग."

"मामा. परवा मी जुनी बाटली उचलली. मामा बेसिनवरून ओरडले, सायेब, ती परवाची हाय, आजची न्हाई."

"मामा बोलला?"

"बोलले."

"समद्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. मी रेघ मारली, सही केली. ते परत बाटल्या धुवायला लागले."

इतक्या वर्षांत त्या बेसिनवरून मामा लॅबमध्ये कुणाला एक शब्द उलटा बोलले नव्हते. बाईंच्या हातातल्या शेंगा सुपात पडल्या. त्या उठल्या, आत गेल्या आणि काळ्या रंगाची छोटी डबी आणि कुंचला घेऊन आल्या. स्टुलावर चढल्या, मी स्टूल धरलं. त्या मोकळ्या जागेवर त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली, सावकाश, हात न हलवता. खाली सही केली. तारीख घातली, बारा.

समोर नळावर दोन बायका कळश्या घेऊन आमच्याकडे बघत होत्या. त्या दिवशी तेरा तारीख होती.

"बाई, चुकलं. आज तेरा हाय. तुम्ही बारा लिहिलंय."

मोठ्यानं बोललो. नळावरच्या बायकांनीही ऐकलं. बाई स्टुलावरूनच वळल्या आणि माझ्याकडे पाहिलं. एसटीची पाटी स्टँडवरून वाचणारे ते डोळे होते. ती तारीख खरीच चुकली की मुद्दाम, हे मी अजून विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. त्यांचं सगळं तोंड हसत होतं.

त्यांनी बारावर एक रेघ मारली, शेजारी तेरा लिहिलं आणि कुंचला माझ्या हातात दिला.

"तपासणारा म्हणून सही कर. वेळ बी घाल."

मी मनगट डोळ्यांजवळ नेलं. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटं. सही केली. खालचा बारा अजून स्वच्छ वाचता येतो.